गिझर लावला की नळाला मुंग्या

प्रश्न : आमचा १५ लिटरचा गिझर सात वर्षांचा आहे. पाणी विहिरीचे, पंपाने टाकीत चढवलेले. चतुर्थीनंतर असे सुरू झाले, की गिझर लावून दहाएक मिनिटे झाली की सगळ्या घरची वीज जायची. मेकॅनिक आला. ‘ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) खराब झालीय’ म्हणत त्याने ती काढून लाईन डायरेक्ट करून दिली. वीज जायची थांबली, पण आता न्हाणीत नळाला हात लावला की बोटांना मुंग्या येतात. सासूबाई म्हणतात, आमचे चुलीवर पाणी तापवायचे तांब्याचे भाणच बरे होते. नवा गिझर घ्यावा का?
– एक गृहिणी, मडकई

उत्तर : वहिनी, आधी हा अंक खाली ठेवा. कोरड्या हाताने गिझरचा एमसीबी (जास्त करंट ओढला की पडणारा बोर्डावरचा स्विच) पाडा, मग पुढचे वाचा. आजपासून त्या गिझरला हात नको. चार दिवस गॅसवर पाणी तापवा, नाहीतर सासूबाईंचे ऐका.

तुमची ईएलसीबी खराब नव्हती. त्या घरात तीच एक शहाणी होती, तिलाच बाहेर काढले. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला की नाही, एवढेच ती बघत असते. घरगुती ईएलसीबी ३० मिलिअँपियरचा फरक पडला की पडते. एमसीबीला हे कळत नाही. २००० वॅटचा गिझर नऊएक अँपियर ओढतो, त्यात ३० मिलिअँपियर म्हणजे मिठागरात चिमूटभर मीठ. माणसाच्या छातीला मात्र तेवढे पुरते.

चूक बहुधा कॉइलमध्ये आहे. कॉइल म्हणजे वाकवलेली धातूची नळी. आत तापणारी तार, आणि तार नळीला लागू नये म्हणून मध्ये ठासून भरलेली पांढरी पूड. नळीला बारीक छिद्र पडले की पाणी पुडीत शिरते आणि करंट पाण्यात उतरतो. फोंड्यात तीस वर्षे गिझर खोलतोय. कॉइलवरची खपली नखाने उडवली की खाली टाचणीच्या टोकाएवढा हिरवा ठिपका सापडतो. सगळ्या घरची वीज घालवणारा तो एवढासा असतो! डोळ्यांना दिसला नाही तर मेगर (इन्सुलेशन मोजायचे यंत्र) लावायचा. कॉइलची तार आणि नळी यांच्यात रीडिंग मेगओहममध्ये यायला हवे. ते खाली आले तर कॉइल गेली, वाद नको.

आता मुंग्यांचे. त्या येतात याचा अर्थ चुका दोन आहेत. कॉइल गळतेच आहे, पण अर्थिंग धड असते तर तो करंट जमिनीत गेला असता, तुमच्या बोटांपर्यंत आला नसता. आपल्याकडे खाली चिरा, म्हणजे जांभा दगड. पावसात अर्थिंग ठीक वाटते, उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा खडखडीत कोरडा पडतो. खड्ड्यात कोळसा-मीठ आहे का, वायर गंजून सुटली आहे का, हे वायरमनला बघायला सांगा. आमच्या घरी एप्रिल-मेमध्ये आठवड्याला एक बादली त्या खड्ड्यात जाते. शेजारी हसतात, हसू देत.

नवा गिझर लगेच घेऊ नका. टाकी रिकामी करताना तांबडे पाणी आले किंवा बाहेरच्या पत्र्याखालून थेंब गळत असेल तरच टाकी संपली समजा. नाहीतर कॉइल, गॅस्केट आणि अ‍ॅनोड रॉड एकदमच बदलून घ्या. हा रॉड मॅग्नेशियमचा असतो, त्याचे काम टाकीऐवजी स्वतः झिजायचे. सात वर्षांत कुणी बघितला नसेल तर आता नुसती तार उरली असेल. जुवारीच्या काठच्या विहिरींना मे महिन्यात मचूळपणा येतो, म्हणून तुम्ही तो वर्षाला बघा. आमची आई भाण दर रविवारी चिंचेने घासायची. गिझरच्या पोटात हात जात नाही, म्हणून तिथे हा रॉड.

आणि सगळ्यात आधी ईएलसीबी परत जागेवर. बसवली की तिचे टेस्ट बटण दाबून ती पडते का बघा, पुढे दर महिन्याला. ती काढणाऱ्या मेकॅनिकला पुन्हा दारात उभा करू नका.

प्रश्न : नव्या गिझरच्या व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब-थेंब गळते. प्लंबर म्हणतो, बूच मारतो. मारू द्यावे का?
– एक वाचक, साखळी

उत्तर : अजिबात नको. पाणी तापले की फुगते. १५ लिटर पाणी २७ अंशांवरून ६० वर गेले की साधारण पाव लिटरला थोडे कमी इतके वाढते. खाली उलटे जायची वाट नसेल तर ते व्हॉल्व्हमधूनच येणार. बूच मारले तर तो जोर टाकीवर येईल. व्हॉल्व्हला बारीक नळी लावून ती मोरीत सोडा. गिझर बंद, पाणी गार, तरीही गळत असेल तर मात्र व्हॉल्व्ह बदला, किंवा प्रेशर पंप बसवला असेल तर त्याचा दाब तपासून घ्या.