सरबत बिघडतं कुठं? उन्हाळी पेयांवर वाचकांचे प्रश्न

मोसंबी, टरबूज, कैरी, केसर आंबा ही सगळी फळं आपल्याकडं हाताशी असतात, तरी घरी केलेल्या पेयाला बाहेरच्यासारखी चव येत नाही, अशा आशयाची बरीच पत्रं आली. त्यातली निवडक इथं घेतली आहेत.

खालच्या सगळ्या उत्तरांत मोठा चमचा १५ मिलीचा आणि लहान ५ मिलीचा धरला आहे. पाक म्हणजे समान वजनाची साखर आणि पाणी, साखर विरघळेपर्यंतच गरम करून गार केलेलं. तो स्वच्छ बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवला की दोन आठवडे राहतो. गार रसात नुसती साखर नीट विरघळत नाही, तळाशी बसते आणि शेवटचा घोट नुसता गोडमिट्ट लागतो. म्हणून पाक आधी करून ठेवाच.

घरच्या बागेतल्या मृग बहाराच्या मोसंबीचा रस सकाळी मिक्सरमध्ये काढून फ्रिजमध्ये ठेवला. दुपारी पाहुण्यांना सोडा घालून दिला तर कडू लागला. फळ तर गोड होतं. (वाचक, जालना)

फळाचा काही दोष नाही. मोसंबीच्या फोडींवरच्या पांढऱ्या पापुद्र्यात आणि बियांत एक पदार्थ असतो. तो स्वतः कडू नसतो, पण रसातल्या आंबटपणाशी गाठ पडली की हळूहळू त्याचं लिमोनिन होतं, आणि ते कडूजहर असतं. म्हणून पहिला घोट गोड लागतो आणि तासाभरानं तोच रस तोंडात धरवत नाही. मिक्सरमध्ये पापुद्रे आणि बिया बारीक होतात, त्यामुळं हे फार जोरात घडतं. फ्रिजमध्ये त्याचा वेग कमी होतो, पण ते थांबत नाही.

मोसंबी आडवी कापा, बिया सुरीच्या टोकानं काढा आणि हातयंत्रावर हलक्या हातानं पिळा. शेवटचा थेंब काढायच्या नादात साल दाबली गेली की सालीतलं तेल उतरतं, आणि त्याचा उग्रपणा वेगळाच. पिळल्याबरोबर बारीक जाळीतून गाळा. जाळीत राहिलेला चोथा चमच्यानं दाबू नका. कच्चट फळात हा कडवटपणा जास्त असतो, म्हणून पूर्ण पिकलेलीच मोसंबी घ्या.

एका पेल्याला १२० मिली रस लागतो, म्हणजे मध्यम आकाराच्या दोन मोसंब्या. मोसंबीत आंबटपणा मुळातच कमी असतो. त्यामुळं २ लहान चमचे लिंबाचा रस आणि १ मोठा चमचा पाक घातल्याशिवाय सोड्यात ती पुळचट लागते. चिमूटभर काळं मीठ जरूर घाला, मिठानं कडवटपणा दबतो. वरून ७० मिली गार सोडा. पाहुणे यायचे असतील तर पाक, लिंबाचा रस, मीठ, गार केलेले पेले सगळं मांडून ठेवा आणि मोसंबी मात्र माणसं टेकल्यावरच पिळा.

टरबुजाचं सरबत पाणचट होतं आणि थोड्या वेळात वर पाणी, खाली लगदा असे थर होतात. (वाचक, परभणी)

टरबुजात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. त्यात बर्फ टाकला की उरलीसुरली चवही पातळ होते. त्यापेक्षा टरबुजाचाच बर्फ करा. बिया काढून इंचभराच्या फोडी करा, ताटात सुट्या पसरून चार-पाच तास फ्रीजरमध्ये ठेवा. एकमेकींवर रचल्या तर त्यांचा दगड होतो आणि मिक्सरचं पातं अडकतं.

दोन पेल्यांसाठी २०० ग्रॅम ताज्या फोडी, २०० ग्रॅम गोठवलेल्या फोडी, दीड मोठा चमचा लिंबाचा रस, १ मोठा चमचा पाक, १ लहान चमचा आल्याचा रस आणि दोन चिमटी सैंधव एवढं घ्या. मिक्सर वीस-तीस सेकंदच फिरवा. जास्त फिरवलं तर हवा भरून गुलाबी फेस चढतो आणि थर उलट लवकर पडतात. थर पडणं हा बिघाड नाही, गर जड असल्यानं खाली बसतो एवढंच. ढवळून प्या, किंवा नितळ हवं असेल तर आधीच गाळा.

पुदिना मिक्सरमध्ये घालू नका, रंग मातकट होतो आणि गवतासारखी चव येते. सात-आठ पानं तळहातावर ठेवून दुसऱ्या हातानं एकच टाळी मारा. पान फाटत नाही, काळं पडत नाही, पण वास लगेच सुटतो. ती पानं पेल्यात वरून सोडा.

गुळाचं पन्हं दुसऱ्याच दिवशी फसफसतं. (वाचक, बीड)

वैशाखातल्या चाळीस-बेचाळीस अंशांत पातळ पन्हं बाहेर ठेवलं तर ते आंबणारच. पाणी घालून ठेवू नका, घट्ट गर ठेवा. अर्धा किलो कैरी तीन शिट्ट्यांत उकडून गर काढा. गराच्या दीडपट गूळ वजन करून घाला आणि गूळ विरघळून एक उकळी येईपर्यंत शिजवा. मग मीठ, वेलची, भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून, गार झाल्यावर कोरड्या काचेच्या बाटलीत भरा आणि फ्रिजमध्ये ठेवा. तीन मोठे चमचे गराला १५० मिली गार पाणी पुरतं. कैरी उकडण्याऐवजी विस्तवावर भाजली तर धुरकट वास येतो, तो आम्हाला जास्त आवडतो. पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात आंबट पन्हं ठेवू नका.

सोडा ओतला की भसाभस उतू जातो आणि मग पेयात दम राहत नाही. (वाचक, लातूर)

काळं मीठ किंवा मसाला शेवटी टाकत असाल. मिठाच्या प्रत्येक कणावर वायूला बुडबुडा धरायला जागा मिळते आणि सगळा वायू एकदम बाहेर येतो. मीठ आधी रसात पूर्ण विरघळवा. सोडा किमान चार तास फ्रिजमध्ये ठेवलेला हवा, कारण गार पाण्यात वायू टिकतो, कोमट पाण्यातून उडतो. पेला तिरका धरून कडेनं ओता आणि चमचा खालून वर एकदाच फिरवा.

केसर आंब्याचं कॉकटेल करायचं आहे. व्होडकात आमरस ढवळला तर गुठळ्या राहिल्या आणि नुसतंच गोड लागलं. शेकर नाही. (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

आमरसात दूध-साखर घातलेली नको. दुधात लिंबू पडलं की ते फाटतं, आणि लिंबाशिवाय हे पेय उभंच राहत नाही. केसर गोड असतो, त्याला तोलायला आंबट लागतंच. एका पेल्याला गाळलेला रस ६० मिली, व्होडका किंवा व्हाइट रम ४५ मिली, लिंबाचा रस २० मिली आणि पाक २ लहान चमचे घ्या. आंबा फार गोड असेल तर पाक वगळा.

शेकरऐवजी घट्ट झाकणाची स्टीलची बरणी चालते. सगळं आत घालून सहा-सात बर्फाचे खडे टाका आणि बारा-पंधरा सेकंद जोरात हलवा. चमच्यानं ढवळून घट्ट रस मोडत नाही, बर्फाच्या आपटण्यानं मोडतो. बरणीला बाहेरून दव धरलं की झालं. गाळून नव्या बर्फावर ओता, वरून ६० मिली सोडा. सोडा बरणीत घालून हलवू नका, झाकण उडतं.

आपल्या राज्यात अशा कडक मद्यासाठी वय २५ पूर्ण आणि परवाना लागतो. आणि दारूनं अंगातलं पाणी कमी होतं, थंडावा मिळत नाही. उन्हातून आल्याआल्या हे नको. संध्याकाळी, पोटात काही असताना, प्रत्येक पेल्यासोबत पेलाभर पाणी पिऊन घ्या. दारू नको असेल तर तिच्या जागी ४५ मिली शहाळ्याचं पाणी आणि अर्धा लहान चमचा आल्याचा रस घाला, बाकी माप तेच.

कार्यक्रमासाठी बर्फाची लादी आणली तर चालेल का? (वाचक, नांदेड)

पेयात टाकायला नाही. कारखान्यातली साधी लादी माल गार ठेवण्यासाठी असते. ती ओळखू यावी म्हणून राज्यात अखाद्य बर्फाला निळा रंग देण्याचा नियम झाला, पण पांढरी दिसली म्हणून खाण्याजोगी आहे असं धरून चालू नका. लादी घमेल्यात फोडून तिच्यात बंद बाटल्या आणि झाकणाचे डबे पुरून ठेवा. पेल्यातला बर्फ आदल्या दोन दिवसांत उकळून गार केलेल्या पाण्याचा घरीच करा. वाटीत जमवलेले मोठे गोळे खड्यांपेक्षा सावकाश वितळतात.