हॉटेलचं बिल तोंडपाठ, पॉलिसीचं नाव माहीत नाही

प्रश्न : मी ३६ वर्षांचा, नेरूळला राहतो, ऐरोलीत नोकरी. हातात ९८ हजार येतात. गृहकर्ज ४६ लाख बाकी, हप्ता ४२ हजार. पत्नी सध्या नोकरी करत नाही, मुलगी चार वर्षांची. आम्हाला चायनीज, थाई, मोमो, रामेन असलं बाहेर खायची आवड आहे. नेरूळ, सीवूड्स, वाशीतली साधीच हॉटेलं, पण महिन्याला ११ हजार जातात. एक्सेल जोडली आहे. पत्नी म्हणते, हे बंद करून तेवढ्याची एसआयपी करू. १५ टक्क्यांनी १७ वर्षांत मुलीसाठी एक कोटी होतात. बंद करावं का? बाकी सगळं मार्गी आहे. बँकेतून घेतलेली एक पॉलिसी आहे, वर्षाला १.२ लाख, तीन हप्ते झाले. दीड लाखाची एफडी आहे. कार्डाचं पेमेंट कधी चुकलेलं नाही. ऑफिसच्या खाली अधूनमधून एखादी सिगरेट होते, तेवढंच व्यसन.

उत्तर : तुमची एक्सेल बघून मी चाटच पडलो. ‘मांचाव वन बाय टू १४०, ट्रिपल शेजवान ३१०, टिप २०.’ तारीखवार, पैसा न् पैसा. आणि त्याच पत्रात वर्षाला सव्वा लाख गिळणाऱ्या वस्तूची ओळख काय, तर ‘बँकेतून घेतलेली एक पॉलिसी’. नाव नाही, विमा किती ते नाही, मुदत नाही. म्हणून तुमच्याकडून पॉलिसीचा कागद आणि कार्डाची स्टेटमेंटं मागवून घेतली. बरं झालं मागवली.

आधी विचारलंत त्याचं उत्तर. बंद करू नका. ११ हजारांचे १७ वर्षांत एक कोटी होतात ते कॅल्क्युलेटरमध्ये १५ टक्के टाकल्यावर. ११ टक्के धरा, ६५ लाखांच्या आसपास येतात. महागाई सहा टक्के धरली तर त्या ६५ लाखांची आजची किंमत २४-२५ लाख. रक्कम वाईट नाही, पण शनिवारची सगळी मजा विकून कोटी येणार असं वहिनींनी मनाशी धरलं असेल, तर दोन वर्षांत एसआयपीही बंद पडेल आणि वादही होतील.

छाटायचंच असेल तर कुठे ते तुमच्याच एक्सेलमध्ये आहे. ११ हजारांपैकी ४,३०० ॲपवरून मागवलेल्या जेवणाचे आहेत. हॉटेलात ३१० ला मिळणारं ट्रिपल शेजवान ॲपवर ३६५ ला, त्यावर पॅकिंग, डिलिव्हरी, प्लॅटफॉर्म फी. घरी येईपर्यंत नूडल्सचा गोळा आणि वरच्या कुरकुरीत नूडल्सचा चिखल. हे तीन हजारांनी कमी करा. जाऊन बसून खा. स्टेशनजवळच्या हॉटेलात तिघांचं बिल नऊशे-हजार होतंय, ते मला अजिबात खुपत नाही. वाशीच्या थाई हॉटेलात मात्र दर बिलाला दहा टक्के सेवाशुल्क निमूट भरताय. ते ऐच्छिक आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. काढून टाका म्हणा, काढतात. पाच टक्के जीएसटी द्यावाच लागतो, पण कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठोक कर भरणाऱ्या लहान हॉटेलाला तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही. बिलावर एकदा नजर टाकत जा. आणि ते नवीन ‘अस्सल सेचुआन’ ४८० ला एक प्लेट, जीभ बधिर झाली म्हणून तुम्ही पुढे उद्गारचिन्ह टाकलंय. ती बधिरता ज्या मिऱ्यांची, ती आपल्या तिरफळाची सख्खी चुलत भावंडं. कोकणात बांगड्याच्या आमटीत पडतं तेच तिरफळ. पुढच्या वेळी घरीच बघा करून.

झालं खाण्याचं. आता ‘बाकी सगळं मार्गी’कडे येतो.

कार्डावर आज ७८ हजार बाकी आहेत. तुमचा समज असा की ही बाकी हॉटेलांची, कारण स्टेटमेंटभर हॉटेलांचीच नावं दिसतात. पण जानेवारीची ओळ बघा: विमा हप्ता, १,२०,०००. पॉइंट मिळतात म्हणून हप्ता कार्डावर भरला. फेब्रुवारीत बाकी १.३ लाखांवर गेली, तेव्हापासून तुम्ही दरमहा १५ हजार भरताय. किमान रकमेच्या दुपटीहून जास्त, म्हणून ‘पेमेंट कधी चुकलेलं नाही’. खरंय, दंड लागत नाही. व्याज लागतं. महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस, आणि त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी. सरासरी लाखाची बाकी धरली तर महिन्याला चार हजारांच्या वर. साडेआठ महिन्यांत सुमारे ३५ हजार गेले. शिवाय जुनी बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, म्हणजे शनिवारच्या मोमोंवर शनिवारपासूनच व्याज सुरू. ज्या कार्डाने हॉटेलात दहा टक्के सूट दिली म्हणून तुम्ही खूश आहात, त्याने ती सूट कित्येक पट करून वसूल केली. जानेवारीत जुने साठेक हजार बाकी असतील, त्यावर पुन्हा १.२ लाख चढतील. पुढच्या वर्षी आकडा १.८ लाखाचा.

आणि हे सगळं कशासाठी? बारा वर्षं १.२ लाख भरायचे, म्हणजे १४.४ लाख. विसाव्या वर्षाच्या शेवटी २८ लाख. ‘जवळजवळ दुप्पट, गॅरंटीड, एफडीसारखंच’ असं रिलेशनशिप मॅनेजरने सांगितलं. मुलगी अगदी लहान होती, नेमका तेव्हा. दुप्पट हा शब्द ऐकला की माणूस वर्षं मोजायचं विसरतो, आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. परतावा काढला तर साडेचार टक्क्यांच्या आसपास येतो. हप्त्यावर यंदासारखं कार्डाचं व्याज दरवर्षी भरलंत तर पावणेतीन टक्के. बचत खात्याच्या पंक्तीला जाऊन बसलात. ‘टॅक्स वाचतो’ असंही म्हणाला होता ना? तुमच्या फॉर्म १६ वर नवी करप्रणाली आहे. तिथे विम्याच्या हप्त्यावरची सूट, म्हणजे ८० सी, नाहीच. एक रुपया वाचलेला नाही.

आता काय करायचं. एफडी मोडा आणि कार्ड आजच शून्यावर आणा. सात टक्के मिळवणारे पैसे बाजूला ठेवून बेचाळीस टक्क्यांचं कर्ज पोसायचं, याला शिल्लक म्हणत नाहीत. ७२ हजार उरतील, तेवढे अडीअडचणीला ठेवा. पुढचे सहा महिने हॉटेलात यूपीआयने पैसे द्या, सूट गेली तरी चालेल.

जानेवारीचा हप्ता माझ्या मते भरू नये. पण आधी कंपनीला ईमेल करून दोन आकडे लेखी मागवा: आज पॉलिसी सोडली तर सरेंडर रक्कम किती, आणि हप्ते थांबवून पेड-अप ठेवली तर शेवटी किती. पेड-अप व्हायला किमान किती हप्ते लागतात तेही कागदात असतं, ते नीट वाचा. ढोबळ हिशेब असा: पेड-अप ठेवली तर बारापैकी तीन हप्त्यांच्या प्रमाणात साधारण सात लाख मिळतील. उरलेले नऊ हप्ते पीपीएफमध्ये टाकले, आजचा ७.१ टक्के दर टिकला आणि पंधरा वर्षांनंतर मुदत वाढवून घेतली, तर त्याच वेळेपर्यंत २६-२७ लाख. एकूण तेहेतीस-चौतीस. पॉलिसी चालू ठेवली तर अठ्ठावीस. सरेंडर रक्कम बरी निघाली तर तोही विचार करू, आकडे आले की कळवा. ‘साडेतीन लाख बुडतील’ ही भीती दाखवायला बँकेतून फोन येईलच. त्या भीतीपोटी आणखी १०.८ लाख घालू नका. फसवून विकल्याची तक्रार विमा कंपनीकडे आणि पुढे विमा लोकपालांकडे करता येते. पण तोंडी आश्वासनाचा पुरावा नसेल, तर पैसे परत येतील या आशेवर राहू नका. मॅनेजरचीही एव्हाना बदली झाली असेल.

मात्र क्रम चुकवायचा नाही. हप्ता थांबवण्याआधी टर्म प्लॅन, म्हणजे माणूस गेला तरच पैसे देणारा निव्वळ विमा, हातात हवा. त्या पॉलिसीत तुमचा विमा किती आहे माहीत आहे? बारा लाख. कर्ज ४६ लाखांचं, कमावणारे तुम्ही एकटे. उद्या काही झालं तर कर्जाचा चौथा हिस्सा फिटेल, आणि वहिनी चार वर्षांच्या मुलीला घेऊन बँकेत बसतील. ऑफिसचा गट विमा धरू नका, नोकरीबरोबर तो जातो. एक कोटीचा टर्म प्लॅन घ्या, निव्वळ टर्म. ‘पैसे परत मिळणारा’ प्रकार कुणी दाखवला तर पान उलटा.

कार्ड आणि हप्ता सुटला की महिन्याला दहा हजार मोकळे होतात, ॲपचे तीन. त्यातून टर्मचा हप्ता वजा करून आधी एफडी भरून काढा, मग निम्मे पीपीएफ, निम्मे साध्या इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात. वहिनींची एसआयपी यातूनच होते.

टर्मचा अर्ज स्वतः भरा, एजंटच्या हाती देऊ नका. धूम्रपानाच्या रकान्यात तो सवयीने ‘नाही’ लिहील. ऑफिसखालची ती अधूनमधूनची सिगरेट तिथे लिहा. हप्ता पंधरा हजारांऐवजी वीस-बावीस हजार पडला तरी द्या.