माळवदाच्या, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छप्पर असलेल्या घरांवर खरंच कुणी संशोधन केलंय का, आणि त्याचा पुढे काही उपयोग झाला का?

हो, केलंय. दुर्दैवाने बरंचसं ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर.

तेव्हा सगळे 'माळवदानं माणसं मारली' म्हणत होते. अभियंत्यांनी पडलेली घरं तपासली तर बऱ्याच ठिकाणी लाकडी खांब-तुळया उभ्या आणि भिंती मात्र ढासळलेल्या. भिंत दिसायला दोन-अडीच फूट जाड, पण आत दोन वेगळे थर आणि मधे दगडगोट्यांची, मातीची भर. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगडच नाही. हादरा बसला की थर सुटून फुगतात नि कोसळतात. वर पांढऱ्या मातीचं ओझं. गळतं म्हणून दरवर्षी आणखी माती टाकायची आपली सवय, त्यामुळे ते वाढतच गेलेलं.

हा प्रकार जगभरच्या घरबांधणी पद्धतींच्या 'वर्ल्ड हाउसिंग एन्सायक्लोपीडिया'त नोंदला गेला. आयआयटी कानपूरच्या भूकंप-टिपांतही दगडी घरांच्या टिपेत किल्लारीचा दाखला आहे: उंचीत दर ६०० मिमीला आणि लांबीत जास्तीत जास्त १.२ मीटरवर आरपार दगड घाला, भिंत ४५० मिमीपेक्षा जाड नको. स्थापत्यचे विद्यार्थी आज हेच शिकतात.

गावात मात्र उलटं झालं. माळवदाची भीती बसली, लोक पत्र्याखाली नि स्लॅबखाली गेले, आणि लातूर-धाराशिवच्या उन्हाळ्यात भाजून निघतात. माझ्या मते दोष भिंतीच्या बांधणीचा होता, बदनाम अख्खं घर झालं.