'व्हॅन हेल्सिंग' चित्रपटावर काढलेला गेमबॉय अ‍ॅडव्हान्सवरचा गेम आज खेळण्यासारखा आहे का, की सरळ प्लेस्टेशन २ वरचाच खेळावा?

हातात धरून खेळायचा गेम म्हणजे ज्याला टीव्हीसमोर जागा मिळत नाही त्याच्यासाठी काढलेला उरलासुरला माल, हे तुमच्या प्रश्नात गृहीत धरलेले आहे आणि ते मला मान्य नाही.

माझा मामेभाऊ याच मताचा होता. त्याच्याकडे प्लेस्टेशन २ होते, माझ्याकडे गेमबॉय अ‍ॅडव्हान्स, आणि तोही पहिल्या बनावटीचा, ज्याच्या पडद्याला स्वतःचा प्रकाश नव्हता. त्यामुळे व्हॅम्पायर आणि वेअरवुल्फ यांच्या मागे लागायचे तर आधी दिव्याखाली बसून यंत्र एका ठरावीक कोनात तिरके धरावे लागे. मनगट जरा हलले की पडद्यावर राक्षसाऐवजी माझेच नाक दिसे. दादा येता-जाता डोकावून विचारी, "ह्यू जॅकमनचा आवाज तरी आहे का त्यात?" चित्रपटाच्या या नायकाचा आवाज त्याच्याकडे होता, हे खरे. मात्र त्याच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावत होते आणि माझ्या यंत्राची कार्ट्रिज फार तर ३२ एमबीपर्यंत जाई, पडदा २४० बाय १६० पिक्सेलचा, हा हिशेब त्याने कधी केला नाही. शिवाय संध्याकाळी टीव्ही मोठ्या माणसांच्या ताब्यात गेला की हाच दादा माझ्या शेजारी सरकून "एकच डाव दे" म्हणे, आणि यंत्र कोणत्या कोनात धरायचे तेही मलाच विचारी.

चित्रपटावरच्या गेमचे खरे दुखणे पडद्याच्या आकारात नसून तारखेत असते. हा चित्रपट अमेरिकेत ७ मे २००४ रोजी प्रदर्शित झाला आणि गेमही त्याच महिन्यात बाजारात आणला गेला. चित्रपटाची तारीख कोणी गेमसाठी पुढे ढकलत नाही. १९८२ मध्ये अटारीवरचा 'ई.टी.' नाताळ गाठायचा म्हणून सुमारे पाच आठवड्यांत उरकला गेला, आणि तो सपशेल आपटला. उलट जेम्स बाँडचा 'गोल्डनआय' चित्रपट १९९५ चा आणि त्यावरचा गेम १९९७ चा, म्हणून तो आजही नावाजला जातो. घाईचा हा जाच प्लेस्टेशनच्या आवृत्तीलाही तितकाच होता, तेव्हा नावे ठेवायचीच असतील तर दोन्हींना ठेवावीत.

तेव्हा खेळा, पण पहिल्या बनावटीच्या यंत्रावर डोळे फोडत बसू नका. गेमबॉय अ‍ॅडव्हान्सच्या कार्ट्रिज मूळ निन्टेंडो डीएस आणि डीएस लाइट या नंतरच्या दोन्ही हातातल्या यंत्रांत चालतात आणि त्यांचे पडदे प्रकाशित आहेत. त्यांच्या पुढच्या डीएसआयमध्ये मात्र या कार्ट्रिजसाठीची खाच नाही. चित्रपट पाहिला नसेल तर आधी पाहून घ्या, नाहीतर अ‍ॅना कोण आणि ड्रॅक्युलाच्या तीन बायका कशासाठी मागे लागल्या आहेत, याचा पत्ता लागायचा नाही.

आणि एक सांगायचे राहिलेच: तुम्हाला या चित्रपटाशी देणेघेणे नसून केवळ राक्षसांची शिकार हवी असेल, तर हा गेम बाजूला ठेवून त्याच यंत्रावरचा २००३ चा 'कॅसलव्हेनिया: आरिया ऑफ सॉरो' घ्या. तो कित्येक पटींनी सरस आहे. त्याच वर्षी प्लेस्टेशन २ वर याच मालिकेतला 'लॅमेंट ऑफ इनोसन्स' आला होता, मोठ्या पडद्यावर, साग्रसंगीत. तरीही माझ्या मते हातातलाच वरचढ ठरतो. दोन्ही खेळून स्वतःच ठरवा. दादाने अजून दोहोंपैकी एकही पूर्ण केलेला नाही, त्यामुळे त्याचे मत विचारू नका.