नाण्याची प्रत (दर्जा) ओळखताना
आधी एकच दिवा लावा, बाकीचे बंद करा. नाणं कडेनं धरून त्याच्या उजेडात सावकाश तिरकं फिरवा. न वापरलेल्या नाण्यावर चमकेचा पट्टा अखंड फिरतो. गाल, भुवई, केस अशा उठावाच्या जागी तो तुटला आणि तिथला रंग मंद दिसला, की ती झीज. ठसाच कमी दाबाने उमटला असेल तर मात्र तपशील पुसट असूनही चमक टिकते. हा फरक नजरेत बसायला वेळ लागतो. माझ्या मते खरी कसोटी इथेच आहे. एकाच दिशेच्या बारीक रेघांचा झुबका दिसला तर नाणं घासलेलं असणार, घेऊ नका. नाण्याच्या स्थितीला १ ते ७० असा आकडा देणारी शेल्डनची श्रेणी त्यानंतर शिका. आणि स्वतःची नाणी मऊ कापडानेही पुसू नका.