वाचकांचे प्रश्न : जुन्या वहीतला भूप

प्रश्न : घरात गांधर्व महाविद्यालयाच्या जुन्या पद्धतीने लिहिलेली स्वरलिपीची वही सापडली. त्यातली भूप रागाची बंदिश पेटीवर वाजवली तर तोडीसारखी ऐकू येते, मध्येच उडी मारून तार सप्तकात जाते. वही चुकीची आहे का? वर विष्णु दिगंबरांचं नाव आहे. रचना त्यांचीच समजायची का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : वही बरोबर आहे. तुम्ही ती आज सर्रास वापरली जाणारी भातखंडे लिपी समजून वाचताय, पण ही आहे विष्णु दिगंबर पलुस्करांची लिपी. भातखंड्यांकडे स्वराखालची आडवी रेघ म्हणजे कोमल (उतरलेला) स्वर. पलुस्करांकडे तीच रेघ म्हणजे एक मात्रा, तालाचा एक ठोका. त्यामुळे रे, ग, ध तिन्ही कोमल झाले आणि भूपाचा चक्क भूपाल तोडी राग झाला! डोक्यावरचं टिंब भातखंड्यांकडे तार (वरचं सप्तक), पलुस्करांकडे मंद्र (खालचं सप्तक). म्हणून षड्जाआधीचा मंद्र धैवत वर उडाला. तार स्वरावर पलुस्कर उभी रेघ देतात, ती भातखंड्यांची तीव्र मध्यमाची (चढ्या ‘म’ची) रेघ समजू नका.

ओळखायची सोपी खूण : सा आणि प यांच्याखालीही रेघ दिसली की लिपी पलुस्करी, कारण हे दोन स्वर कोमल होतच नाहीत. तीनतालात भातखंड्यांच्या × २ ० ३ ऐवजी १, ५, +, १३ असे आकडे असतील. तिथे अधिकचं चिन्ह म्हणजे ‘खाली’, टाळी न देण्याची जागा. अर्ध्या मात्रेला स्वराखाली शून्य, पाव मात्रेला अर्धचंद्र. तीनतालाच्या सोळा मात्रांची सोळा घरं आखून पेन्सिलीने उतरवा. आवर्तनाची बेरीज सोळा भरली नाही, तर बहुधा एखादं शून्य नजरेतून सुटलेलं असतं. जुन्या शाईत ते टिंबासारखं दिसतं.

रचनेबद्दल मात्र घाई नको. विष्णु दिगंबरांना बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडून ग्वाल्हेरच्या पारंपरिक बंदिशी मिळाल्या. १९०१ साली लाहोरला विद्यालय काढल्यावर त्यांनी त्या वर्गात शिकवण्याजोग्या करून छापल्या. शृंगारिक शब्द बदलले, तुलसीदास-सूरदासांची पदं रागात बसवली. तेव्हा वरचं नाव संकलकाचंही असू शकतं. अंतऱ्याची शेवटची ओळ पाहा : ‘सदारंग’ किंवा ‘अदारंग’ अशी मुद्रा (जुन्या रचनाकाराचं टोपणनाव) असेल तर ती बंदिश त्या नावावर चालत आलेली.

पंचवटीत अशी वही निघणं नवलाचं नाही. उत्तरायुष्यात विष्णु दिगंबरांनी इथेच रामनाम आधार आश्रम काढला होता. वहीत भजनं जास्त असतील तर ती आधी उतरवून घ्या.