पक्षाघातानंतर बाबांना घरी आणताना: धनकवडीच्या आसपास मदत कुणाकडे मागायची

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाबा ७४ वर्षांचे, उजवी बाजू पक्षाघाताने गेलेली, शब्द तोंडाशी येऊन अडतात. रविवारी डिस्चार्ज आहे. आईचे गुडघे दुखतात, घर पुण्यात धनकवडीत, दुसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. ‘आमच्या जवळ अशा रुग्णांसाठी काही सेवा आहे का’ असं फोनवर शोधलं की रुग्ण सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोंच्या नुसत्या जाहिराती येतात, असं तुम्ही लिहिलंय. २०१६ साली सासूबाईंच्या वेळी मी नेमकी याच जागी उभी होते. म्हणून सविस्तर लिहिते.

सेवा शोधण्याआधी माणूस शोधा. बाबा ज्या रुग्णालयात आहेत तिथे, ते सरकारी किंवा ट्रस्टचं असेल तर, वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक असतात. बोलण्यात त्यांना मेडिकल सोशल वर्करच म्हणतात. त्यांची खोली सहसा ओपीडीच्या किंवा बिलिंगच्या जवळ कुठेतरी असते आणि तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. आम्हाला ती खोली अकराव्या दिवशी सापडली, तीसुद्धा शेजारच्या कॉटवरच्या आजींच्या मुलीने सांगितलं म्हणून. तोवर आम्ही सगळे प्रश्न डॉक्टरांना राउंडच्या वेळी विचारत होतो. ते बिचारे औषधांबद्दल सांगत, पण बेड भाड्याने कुठे मिळेल, बिलात सवलतीचा अर्ज कुठे करायचा, घरी येणारे फिजिओथेरपिस्ट कोण, ही माहिती समाजसेवा विभागात असते. उद्या सकाळी तिथेच जा. सोबत एक फाइल न्या: बाबांचं आधार, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला असेल तर तो, आणि आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट. प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स काढून ठेवा. पुढचे सहा महिने हीच फाइल हातात राहणार आहे.

बिलाचं आधी. तुम्ही उत्पन्नाबद्दल लिहिलेलं नाही, म्हणून नियम सांगते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक आणि उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय, म्हणजे ट्रस्टच्या, रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. निर्धन म्हणजे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. यासाठी रुग्णालयाने एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला ठेवायची असते. पुण्यातली बरीच नावाजलेली रुग्णालयं ट्रस्टची आहेत. चकचकीत इमारत पाहून आपण ‘हे खासगी’ म्हणून विचारतच नाही. विचारा.

आमच्याकडे काम करणाऱ्या ताईंच्या यजमानांना असंच एका ट्रस्टच्या रुग्णालयात दाखल केलं होतं. खिडकीवरच्या माणसाने ‘कोटा भरलाय’ म्हणून परत पाठवलं. आम्ही दोघींनी बसून साध्या कागदावर अर्ज लिहिला, दाखला जोडला, अर्ज मिळाल्याचा आवक शिक्का मागितला आणि दुसरी प्रत धर्मादाय सहआयुक्त कार्यालयाला देणार आहोत हे नम्रपणे सांगितलं. दुसऱ्या दिवशी फॉर्म मिळाला. तोंडी मागितलेल्या गोष्टीला तोंडी नकार मिळतो. कागद दिला की कागदावर उत्तर द्यावं लागतं. हे सगळं दाखल झाल्यावर लगेच करायला हवं होतं. तरी अंतिम बिल निघालेलं नाही, म्हणजे वेळ गेलेली नाही.

बाबा सत्तरीच्या पुढचे आहेत, तेव्हा आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे आणि नोंदणी आधारवर होते. महात्मा फुले जन आरोग्य योजनाही १ जुलै २०२४ पासून कुठल्याही रंगाच्या रेशन कार्डावर लागू आहे. दोन्हीसाठी रुग्णालय योजनेच्या यादीत असावं लागतं. यादीतल्या रुग्णालयात योजनेचे मदतनीस, म्हणजे ‘आरोग्यमित्र’ बसतात, त्यांना भेटायचं. पण एक गैरसमज काढून टाका. या योजना रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहेत. घरी रुग्ण सांभाळायला ठेवलेली मावशी, डायपर, भाड्याचा बेड, घरी येणारा फिजिओ यांचे पैसे त्यातून मिळत नाहीत. घरच्या खर्चाचा हिशेब वेगळा मांडा.

आता रविवार. १०८ ची रुग्णवाहिका तातडीच्या वेळेसाठी आहे, डिस्चार्जनंतर घरी सोडायला ती मागवू नका. खासगी किंवा एखाद्या मंडळाची, ट्रस्टची गाडी ठरवा आणि ठरवतानाच विचारा: ‘दुसरा मजला आहे, लिफ्ट नाही, उचलायला किती माणसं येतील?’ जिन्याला वळण असेल तर स्ट्रेचर फिरत नाही. आम्ही सासूबाईंना शेवटी जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर बसवून, चादरीने बांधून वर नेलं. हात सुटला असता तर काय झालं असतं, हा विचार आजही अंगावर येतो. घरातली हाताची भक्कम खुर्ची आधी जिन्यातून रिकामी वर-खाली नेऊन पाहा.

बेड घरात लागल्याशिवाय बाबांना हलवू नका. विकत घेऊ नका, पुण्यात रुग्णोपयोगी साहित्य भाड्याने किंवा नुसत्या डिपॉझिटवर देणारी माणसं जागोजाग आहेत. ज्येष्ठ नागरिक संघ, काही गणेश मंडळं, छोटे ट्रस्ट हे वर्षानुवर्षं करतात. त्यांची जाहिरात नसते, म्हणून ती फोनवर सापडत नाहीत. तुमच्या भागातला ज्येष्ठ नागरिक संघ संध्याकाळी बागेत किंवा एखाद्या मंदिराच्या सभागृहात जमत असेल, तिथे आजच जाऊन भेटा. आमच्या संघातल्या काकांनी त्याच संध्याकाळी टेम्पोत घालून फाउलर बेड पाठवला होता. मागायचं ते असं: मागची बाजू वर करता येणारा फाउलर बेड, पंपाची एअर गादी, कमोड चेअर, युरिन पॉट. व्हीलचेअर दुसऱ्या मजल्यावर सध्या फारशी उपयोगी नाही, वॉकर फिजिओने सांगितल्यावर.

एअर गादीबद्दल थोडं थांबून सांगते, कारण आमची सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली. गादी आहे म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. सासूबाईंच्या माकडहाडापाशी आधी नुसती लाली दिसली, आठवड्यात तिथे जखम झाली आणि ती भरायला चार महिने गेले. गादी असली तरी दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. भिंतीवर कागद लावा: डावी, उताणे, उजवी, आणि पुढे वेळ. ज्याने कूस बदलली त्याने सही करायची. टाचा, माकडहाड, खुबा रोज अंघोळीच्या वेळी उजेडात पाहायचे. दाबल्यावर लाली जात नसेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा. कूस बदलताना लुळ्या हाताला धरून ओढू नका, खांदा निखळतो. हे सगळं डिस्चार्जच्या आदल्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टरकडून स्वतःच्या हाताने करून शिकून घ्या. आईंनाही दाखवा, पण उचलण्याचं काम त्यांच्यावर टाकू नका.

आणखी एक गोष्ट रुग्णालयातच विचारा: गिळण्याची तपासणी झाली का? पाणी पिताना ठसका लागत असेल तर अन्न-पाणी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. भरवताना बाबा पूर्ण बसलेले हवेत, आणि जेवण झाल्यावरही थोडा वेळ तसेच बसू द्या.

व्यायामाच्या बाबतीत तुमचं नशीब चांगलं आहे. धनकवडीतच भारती विद्यापीठाचं फिजिओथेरपीचं महाविद्यालय आहे आणि श्रवण व वाचा उपचारांचा स्वतंत्र विभागही आहे. शिकवणाऱ्या संस्थांच्या ओपीडीत फी परवडते. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते, म्हणून ‘जरा बरं वाटू दे, मग नेऊ’ असं म्हणून थांबू नका. जिन्यामुळे सुरुवातीला फिजिओला घरी बोलवावं लागेल. त्यांना सांगा की व्यायाम आम्हालाही शिकवा, कारण ते दिवसातून तासभर येणार आणि उरलेला दिवस आपला असतो.

बोलणं अडतंय म्हणजे बाबांना कळत नाही, असं घरात कुणी धरू नये. उजवी बाजू गेली की बरेचदा मेंदूतला भाषेचा भाग दुखावलेला असतो. मनात सगळं असतं, शब्द सापडत नाही. सासूबाईंना माझं नाव घेता येत नव्हतं, पण मी हरिपाठ सुरू केला की त्या पुढची ओळ स्पष्ट म्हणत. पहिल्यांदा ते झालं तेव्हा आम्ही दोघी रडलो. पाठ असलेली आरती, अभंग, पाढे रोज सोबत म्हणा. ‘हो’ किंवा ‘नाही’ मध्ये उत्तर देता येईल असे प्रश्न विचारा आणि उत्तराला वेळ द्या. त्यांच्यादेखत त्यांच्याबद्दल तिऱ्हाइतासारखं बोलू नका, पाहुण्यांनाही बोलू देऊ नका.

रुग्ण सांभाळणारी मावशी किंवा मामा ठेवताना ब्युरोकडून लेखी घ्या: बारा तास की चोवीस तास, सुट्टीच्या दिवशी बदली कोण, पोलीस पडताळणी झाली आहे का, आणि कामात काय-काय धरलंय. डायपर बदलणं आणि कूस बदलणं कामात आहे का, हे स्पष्ट विचारा. पैशावरून तंटे कमी होतात, कामावरून जास्त. आलेल्या माणसाला वेळेवर चहा-जेवण द्या, नावाने हाक मारा. सासूबाईंच्या लताताई सहा वर्षं टिकल्या. त्या नसत्या तर मला नोकरी सोडावी लागली असती.

कागदांची बाकीची कामं भराभर सांगते. महापालिकेची शहरी गरीब वैद्यकीय सहाय्य योजना उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना यादीतल्या रुग्णालयाच्या बिलात निम्म्यापर्यंत मदत करते. चौकशी महापालिकेच्या आरोग्य विभागात करा. दिव्यांग प्रमाणपत्र पक्षाघातात साधारण सहा महिन्यांनी, स्थिती स्थिरावल्यावर मिळतं. ऑनलाइन अर्ज करून ससूनला किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. बाबांना पेन्शन असेल तर नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्यासाठी त्यांना बँकेत नेऊ नका, पोस्टमन घरी येऊन डिजिटल दाखला करून देतो. बँकेत मात्र आत्ताच जाऊन या, उजव्या हाताची सही आता जुळणार नाही. अंगठ्याचा ठसा आणि संयुक्त खातं यांची व्यवस्था विचारून ठेवा.

आता आईंबद्दल. तुमच्या प्रश्नात त्यांच्यावर एकच ओळ आहे आणि मला तिचीच काळजी जास्त वाटते. रात्री दर दोन तासांनी उठणारी बाई महिन्याभरात स्वतः आजारी पडते. आठवड्यातली एक दुपार आणि सलग झोपेच्या दोन रात्री त्यांच्यासाठी राखून ठेवा. बहीण नाशिकला आहे म्हणता, तिला ‘येऊन भेटून जा’ न म्हणता ‘महिन्यातले चार दिवस तू सांभाळ’ असं तारखा ठरवून सांगा. आईंचे गुडघेही याच फेरीत दाखवून घ्या. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे. मन फार दाटून आलं तर १४४१६ वर टेलि-मानस ही मानसिक आधाराची सरकारी हेल्पलाइन चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. तो नंबर तुमच्यासाठीही आहे.

हे वाचणाऱ्या इतरांची घरं वेगळ्या दुखण्यात असतील, त्यांच्यासाठी चार नावं. कंपवातासाठी पार्किन्सन्स मित्रमंडळ, स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या कुटुंबीयांसाठी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, व्यसनासाठी १९८६ पासून येरवड्यात काम करणारं मुक्तांगण, जिथे पत्नींसाठी ‘सहचरी’ गटही आहे. चौथं वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर. तिथे कॅन्सरच्या रुग्णांची काळजी मोफत घेतली जाते आणि घरचं माणूस सोबत राहू शकतं. ‘तिथे शेवटीच नेतात’ म्हणून लोक टाळतात. वेदना कमी करण्यासाठी आधीपासूनही जाता येतं, हे माझ्या मावसबहिणीच्या वेळी आम्हाला फार उशिरा समजलं.

एक शेवटचं, आणि हे दाराच्या आतल्या बाजूला लिहून लावा: तोंड वाकडं होणं, हात अचानक गळणं, बोलणं एकदम बिघडणं यातलं काहीही नव्याने दिसलं तर पहिल्यांदा घड्याळ पाहायचं आणि १०८ ला फोन करायचा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यामुळे त्रास कधी सुरू झाला ही वेळ डॉक्टर सगळ्यात आधी विचारतात. जवळच्या कुठल्या रुग्णालयात चोवीस तास सीटी स्कॅन होतो, हे याच आठवड्यात विचारून ठेवा.

बाबांना अन्नासाठी नाकातून नळी आहे का आणि जिना किती रुंद आहे, एवढं कळवा. नळी असेल तर ती घरी कशी सांभाळायची ते उद्या लिहिते.